चालत्या रस्त्याची डागडुजी: गावोगावच्या शाखांचं नेटवर्क अपग्रेड होतं कसं

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला गडहिंग्लजच्या शाखेतून फोन आला. "साहेब, तुमचं ते अपग्रेड सुरू झालं काय? पासबुकाचा प्रिंटर चालंना झालाय." अपग्रेड सुरू व्हायला अजून तीन तास होते. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तो निघालाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, जिल्हाभर पसरलेल्या ४० शाखांमधल्या माणसांना आज रात्री नक्की काय होणार आहे हे कुणी कधी नीट सांगितलेलंच नाही. त्यांना एक ईमेल जातो, त्यात 'मेंटेनन्स ॲक्टिव्हिटी' असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि सोमवारी काही अडलं की शिव्या आमच्या नावाने निघतात. तेव्हा हा लेख त्यांच्यासाठी. ज्यांच्या पतसंस्थेचं, दूध संघाचं किंवा फाउंड्रीचं नेटवर्क असंच गावोगाव पसरलंय, त्यांनाही तो लागू पडेल.

मी कोल्हापुरात, शाहूपुरीत बसून एका सहकारी बँकेचं नेटवर्क बघतो. दहा-बारा वर्षांपूर्वी हे काम म्हणजे निम्मी ड्रायव्हरकी होती. प्रत्येक शाखेत एक लीज लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली स्वतंत्र तार, आणि तिच्या टोकाला एक राउटर. राउटरमध्ये काही बदलायचं तर लॅपटॉप आणि तो थेट राउटरला जोडायची ती निळी कन्सोल केबल पिशवीत टाकून आज आजरा, उद्या गारगोटी. लांबून लॉगिन करता यायचं, नाही असं नाही. पण ४० राउटरवर तोच बदल ४० वेळा हाताने टाइप करायचा आणि एकतिसाव्या राउटरवर एक आकडा चुकायचा. मग ती शाखा बंद, आणि चूक सुधारायला आत शिरायचा रस्ताही बंद, कारण आपण ज्या लाइनवरून आत गेलो होतो तीच आपण बंद केलेली असायची.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. या सगळ्या कामाचा पीळ तिथे आहे.

आता शाखेत एसडी-वॅनचा बॉक्स असतो. नाव लांबलचक आहे, सॉफ्टवेअर-डिफाइन्ड वाइड एरिया नेटवर्क, पण कल्पना साधी. बॉक्सला दोन-तीन तारा येतात: एक बीएसएनएलची, एक गावातल्या केबलवाल्याच्या फायबरची, आणि जिथे दोन्हींचा भरवसा नाही तिथे एक ४जी सिम. बॉक्स या प्रत्येक तारेतून मुख्य कार्यालयापर्यंत एक कुलूपबंद बोगदा काढतो, त्याला टनेल म्हणतात. बाहेर इंटरनेट असलं तरी बोगद्यातलं कुणाला दिसत नाही. मग बॉक्स प्रत्येक बोगद्यातून सतत हाक मारत राहतो, "आहेस का?" आमच्याकडच्या बॉक्सवर ही हाक मुळात दर सेकंदाला जाते आणि लागोपाठ ७ हाकांना उत्तर आलं नाही की तो रस्ता बंद धरला जातो. जेसीबीने फायबर तोडला, तर काउंटरवरच्या माणसाला काही सेकंद पडदा अडखळलेला दिसतो, आणि काम दुसऱ्या तारेवरून सुरू.

कुठला बोगदा कुठे जातो, कुठल्या शाखेने कुणाशी बोलायचं, हे बॉक्स स्वतः ठरवत नाही. ते ठरतं मध्यवर्ती सर्व्हरवर. तिथे तीन जणांची कामं वाटलेली असतात. मॅनेजर म्हणजे आम्ही ज्या पडद्यावर बसतो तो. कंट्रोलर सगळ्या बॉक्सना रस्ते सांगतो. आणि व्हॅलिडेटर दारात उभा राहून, आलेला बॉक्स आपलाच आहे का, हे त्याचं प्रमाणपत्र बघून ठरवतो. ही नावं सिस्को कंपनीच्या व्यवस्थेतली. २०२३ पर्यंत त्यांना वीमॅनेज, वीस्मार्ट आणि वीबॉन्ड म्हणायचे, कारण मूळ तंत्रज्ञान व्हिप्टेला नावाच्या कंपनीचं. ती सिस्कोने २०१७ मध्ये विकत घेतली. आमच्या धंद्यात अजून सगळ्यांच्या तोंडी जुनीच नावं. शिरोलीच्या पुलावरून जाणाऱ्या रस्त्याचा नंबर बदलून ४८ झाला तरी आपण एनएच-फोरच म्हणतो, तसंच ते. दुसऱ्या कंपन्यांच्या व्यवस्थेत नावं आणि मांडणी वेगळी असते, पण डोकं मध्ये आणि हातपाय गावोगाव, हे सगळीकडे सारखंच.

एस.टी.चं उदाहरण घ्या. मॅनेजर म्हणजे वेळापत्रक लावणारं विभागीय कार्यालय, कंट्रोलर म्हणजे स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक, बॉक्स म्हणजे गाड्या. आता नियंत्रकाच्या खोलीतली वीज गेली म्हणून राधानगरीला निघालेली गाडी वाटेत थांबत नाही. चालकाला रस्ता माहीत असतो. तसंच कंट्रोलर बंद पडला तरी बॉक्स शेवटचे कळलेले रस्ते धरून चालत राहतात. सिस्कोच्या बॉक्सवर ही मुदत मुळात १२ तासांची असते. त्या १२ तासांत नवा बदल पोचत नाही, पण काउंटर चालू राहतं. म्हणूनच आम्ही मध्यवर्ती सर्व्हर भर दुपारी अपग्रेड केला तरी शाखेत कुणाला कळत नाही. (तरी आम्ही ते रात्रीच करतो. धाडसाला पगारवाढ मिळत नाही.)

मग चाललंय ते चालू द्यावं की, कशाला हात लावायचा? हा प्रश्न मला संचालक मंडळाच्या बैठकीत विचारला गेलाय, आणि तो काही मूर्खपणाचा नाही. एक उत्तर सुरक्षेचं. सॉफ्टवेअरमधली भोकं सापडत राहतात, आणि सापडली की ती जाहीर होतात, म्हणजे चोरालाही कळतात. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची टप्प्याटप्प्याची चौकट घालून दिली. तेव्हापासून ऑडिटर येतो तो पहिला प्रश्न व्हर्जनचाच विचारतो.

दुसरं उत्तर जास्त मजेशीर आहे: काहीच न करताही बिघडतं. ९ मे २०२३ रोजी सिस्कोच्या व्हीएज मालिकेतल्या काही जुन्या बॉक्सच्या आत कारखान्यातच बसवलेल्या प्रमाणपत्राची मुदत संपली. बॉक्स धडधाकट, वीज चालू, तारा जागेवर, पण दारातला पहारेकरी त्यांना ओळखेना. जे बोगदे आधीच उघडे होते ते चालत होते, आणि कंपनीचा सल्ला होता की काहीही करा, बॉक्स रीबूट करू नका, नवं सॉफ्टवेअर घाला. ज्या देशात कुठल्याही मशीनवरचा पहिला उपाय 'बंद करून चालू करा' हा आहे, तिथे हा सल्ला पाळायला किती संयम लागला असेल, याचा विचार करा.

आधी डोकं, मग हातपाय

अपग्रेडचा पहिला नियम क्रमाचा. आधी मॅनेजर, मग व्हॅलिडेटर आणि कंट्रोलर, सगळ्यात शेवटी शाखांचे बॉक्स. उलटं का नाही?

कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात मोडीतले कागद रचून ठेवलेत. तिथे बसलेल्या माणसाला मोडी आणि बाळबोध दोन्ही येतं, म्हणून जुना वतनाचा कागद आला काय किंवा नवा अर्ज आला काय, त्याचं अडत नाही. नवं सॉफ्टवेअर तसंच असतं. त्याला मागच्या काही व्हर्जनची भाषा मुद्दाम शिकवलेली असते. जुन्याला मात्र नवी भाषा येणं शक्यच नाही, ती त्याच्या जन्मानंतरची. म्हणून मध्ये नवा माणूस बसवला की जुने बॉक्स त्याच्याशी बोलू शकतात. आधी बॉक्स नवे केले तर मधल्या जुन्या कारकुनाला त्यांचं अक्षर लागणार नाही.

पण मोडीवाल्याला शिवकालीन आणि पेशवाईतलं वळण येत असलं तरी यादवकाळापर्यंत मागे गेलात तर तोही हात टेकतो. सॉफ्टवेअरचंही तेच. फार जुन्या व्हर्जनवरून एकदम ताज्यावर उडी मारता येत नाही, मधल्या पायऱ्या घ्याव्या लागतात. कुठल्या मॅनेजरला कुठला बॉक्स चालतो याचं कोष्टक कंपनी देते. मॅनेजर २०.१२ असेल तर राउटरचं १७.१२ हे त्याचं जोडीदार, अशी साधारण खूण आहे. आणि माझं मत विचाराल तर बाजारात कालच आलेलं व्हर्जन कधी घालू नये. सिस्कोच्या राउटरचं दर तिसरं व्हर्जन, १७.९, १७.१२, १७.१५ असं, दीर्घ मुदतीचं असतं. त्याला दुरुस्त्या जास्त काळ मिळतात. बँकेला नवनवीन सोयींची हौस नसते, तिला रात्री शांत झोप लागली की पुरे.

मॅनेजरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. बॉक्स मागच्या व्हर्जनवर परत जाऊ शकतो, मॅनेजर सहजासहजी जात नाही. अपग्रेड होताना तो आपला डेटाबेसही नव्या घडणीत ओततो, आणि ओतलेला पुन्हा जुन्या साच्यात बसत नाही. म्हणून आधी डेटाबेसचा बॅकअप घ्यायचा आणि अख्ख्या सर्व्हरचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची हुबेहूब नक्कल. बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवून निश्चिंत झालेली माणसं मी पाहिलेली आहेत. घराची किल्ली घरातच ठेवून लॅच ओढून घेण्यातला तो प्रकार.

सामान दिवसा, बदल रात्री

बॉक्सचं अपग्रेड म्हणजे एक काम नव्हे. फाइल शाखेपर्यंत पोचवणं, ती बॉक्समध्ये बसवणं आणि मग तिच्यावर बॉक्स चालू करणं, ही तीन वेगळी कामं आहेत, आणि धोका फक्त तिसऱ्यात आहे.

फाइल साधारण ८०० एमबीची धरू. शाखेची लाइन ४ एमबीपीएसची. इथे पुष्कळ जण फसतात, कारण फाइल मोजतात बाइटमध्ये आणि लाइन विकतात बिटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट. म्हणजे ८०० गुणिले ८, ६४०० मेगाबिट. भागिले ४, म्हणजे १६०० सेकंद. लाइन पूर्ण मोकळी असेल तर २७ मिनिटं. आणि ती मोकळी कधी असते? ४० शाखांना एकाच वेळी पाठवायचं म्हटलं तर मुख्य कार्यालयातून ३२ जीबी बाहेर पडणार, आणि रात्री बाराला सुरू केलेलं काम पहाटे चार वाजले तरी 'कॉपी होतंय' वरच.

म्हणून आम्ही फाइल आठवडाभर आधीपासून पोचवतो, थोड्या थोड्या शाखांना, वेगाला लगाम घालून, काउंटर बंद झाल्यावर. फाइल नुसती पडून राहिल्याने काही बिघडत नाही. बसवणंही आधी उरकतं, कारण बॉक्समध्ये दोन व्हर्जन शेजारी शेजारी राहू शकतात. चालू असलेल्याला धक्का न लावता नवं बाजूला बसतं. लग्नाचं सामान आठ दिवस आधी दारात येऊन पडतं, मांडव मात्र आदल्या रात्री उभा राहतो, तसं. मुहूर्ताच्या रात्री उरतं ते फक्त शेवटचं बटण. ते दाबलं की बॉक्स रीबूट होतो आणि नव्या व्हर्जनवर उठतो.

उठला नाही तर?

यासाठी बॉक्सच्या कमरेला दोर बांधलेला असतो. विहिरीत उतरणाऱ्याला वरचे सांगतात, इतक्या वेळात दोर हलवलास नाही तर आम्ही ओढून घेणार. तसं बॉक्सला सांगून ठेवता येतं की नव्या व्हर्जनवर उठल्यावर, समजा १५ मिनिटांत, तुला मध्यवर्ती सर्व्हर भेटला नाही आणि आमची मान्यता मिळाली नाही, तर आपण होऊन जुन्या व्हर्जनवर परत जा. आमच्याकडच्या जुन्या बॉक्सवर ही वेळ ५ ते ६० मिनिटांमध्ये लावता येते. फार कमी लावली तर हळू उठणारा बॉक्स उगाच मागे फिरतो. ४जीवरच्या शाखेला रेंज पकडायलाच वेळ लागतो. ही सोय ज्याने शोधली त्याला मी गंगावेशीत धारोष्ण दूध पाजायला तयार आहे. पण दोराची मर्यादा मला चंदगडने शिकवली.

चंदगडचं घड्याळ

अशीच एक शुक्रवारची रात्र. दुसऱ्या शनिवारच्या आदली, म्हणजे बिघडलं तर हातात दोन दिवस. अकरा वाजेपर्यंत पडद्यावर सगळे हिरवे ठिपके. चंदगडचं बटण दाबलं. दुसऱ्या खिडकीत पिंग चालू होता, म्हणजे बॉक्सला 'आहेस का?' असं विचारत राहणारी आज्ञा. उत्तरं यायची थांबली, 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'च्या ओळी खाली सरकायला लागल्या. हे अपेक्षितच. पाच मिनिटं, सात मिनिटं. आठव्या मिनिटाला बॉक्सच्या इंटरनेटच्या बाजूने पिंगला उत्तर आलं. म्हणजे उठला. पण ठिपका लालच. बारा मिनिटं, पंधरा. दोर ओढला गेला, बॉक्स पुन्हा रीबूट झाला, जुन्या व्हर्जनवर परत आला असणार. आता तरी हिरवा व्हायला हवा, कारण तासाभरापूर्वी याच व्हर्जनवर तो छान चालत होता. झाला नाही.

रात्री एक वाजता बँकेची शाखा उघडता येत नाही, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. किल्ल्या दोघांकडे असतात, दोघं आल्याशिवाय कुलूप निघत नाही. सकाळी सहाला मी गाडी काढली, तिथे पोचेपर्यंत नऊ. एक किल्लीधारक दारात उभे होते. दुसरे भाचीच्या लग्नाला बेळगावला. ते जेवून यायला दीड वाजला. तोवर पहिल्यांनी मला तीन वेळा चहा पाजला आणि प्रत्येक वेळी विचारलं, "मोठं काहीतरी झालंय काय वो?"

निळी केबल लावली. बॉक्सला तारीख विचारली. त्याने सांगितलेली तारीख काही वर्षांपूर्वीची होती.

आतला घड्याळाचा सेल मेला होता, कधीचाच. यूपीएस उत्तम असल्यामुळे बॉक्स महिनोन्‌महिने बंदच झाला नव्हता, म्हणून कळलं नव्हतं. रीबूट झाला आणि घड्याळ मागे गेलं. प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून वैध' असं लिहिलेलं असतं. बॉक्सच्या हिशेबाने ती तारीख अजून यायचीच होती, त्यामुळे त्याने मुख्य कार्यालयाचीच प्रमाणपत्रं खोटी ठरवली आणि बोगदा उघडायला नकार दिला. बरं, घड्याळ लावून घ्यायला तो वेळेच्या सर्व्हरला विचारू शकला असता. पण सर्टइनने, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात सगळ्यांना आपली घड्याळं एनआयसी (सरकारचं माहिती-तंत्रज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं, तेव्हा आम्ही शहाणपणाने मुख्य कार्यालयात एक सर्व्हर बसवला, तो त्यांच्याशी जुळवला आणि सगळ्या शाखांना सांगितलं, वेळ त्यालाच विचारा. त्या सर्व्हरकडे जायचा रस्ता बोगद्यातून. बोगदा उघडायला प्रमाणपत्र पटलं पाहिजे. प्रमाणपत्र पटायला वेळ बरोबर पाहिजे. आणि वेळ बोगद्यापलीकडे.

दोर इथे कामाला येणार तरी कसा? त्याने बॉक्सला जुन्या व्हर्जनवर आणून सोडलं, पण जुन्या व्हर्जनलाही तेच मागे पडलेलं घड्याळ. दुखणं विहिरीत नव्हतंच, माणसाच्या अंगात होतं. मी तारीख-वेळ हाताने टाकली. दीड मिनिटात ठिपका हिरवा झाला. मग सगळ्या बॉक्सना बाहेरच्या बाजूने पोचता येईल असा वेळेचा दुसरा सर्व्हर दिला, पुन्हा एनआयसीचाच.

तेव्हापासून आमच्या कामात दोन गोष्टी वाढल्या. अपग्रेडच्या दहा दिवस आधी प्रत्येक बॉक्स आहे त्याच व्हर्जनवर नुसता रीबूट करून बघायचा. त्यात जो लंगडेल तो आधीचाच आजारी. त्याचं खापर नव्या सॉफ्टवेअरवर फुटत नाही. आणि लांबच्या शाखांचं बटण मध्यरात्री दाबायचंच नाही. काउंटर बंद झाल्यावर सहाच्या सुमाराला, दोन्ही किल्लीधारक अजून खुर्चीत असताना दाबायचं. त्यांना अर्धा तास थांबावं लागतं, कुरकुरतात. चालायचंच. शहरातल्या शाखा रात्रीसाठी ठेवतो.

आमची एक शाखा गेली. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या दूरसंचार कंपनीचं अख्खं नेटवर्क गेलं. ते एसडी-वॅन नव्हतं, कंपनीचा गाभाच होता, पण गाठ तीच. सात टप्प्यांचं अपग्रेड चालू होतं, पाच टप्पे सुखरूप पार पडले होते. सहाव्यात राउटरवरची एक चाळणी काढली गेली, आणि मार्गांच्या माहितीचा लोंढा गाभ्यातल्या राउटरवर कोसळला. १ कोटी २० लाखांहून जास्त ग्राहक बंद. दुकानांतली कार्डं चालेनात, आपत्कालीन ९११ ला फोन लागेनात. सेवा पूर्ववत व्हायला सव्वीस तासांच्या आसपास गेले. मला त्यातल्या दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली, बिघाड शोधणाऱ्या इंजिनियरांना राउटरपर्यंत पोचायचा रस्ता त्याच पडलेल्या नेटवर्कवरून होता, आणि त्यांचे मोबाइलही त्याच कंपनीचे. एकमेकांशी बोलायला दुसऱ्या कंपन्यांची सिमकार्डं शोधावी लागली. दुसरी, कामाच्या सुरुवातीला जोखीम 'जास्त' लिहिलेली होती. टप्पे नीट पार पडत गेले म्हणून सहाव्याला ती 'कमी' करण्यात आली होती.

ही दुसरी गोष्ट मला जास्त भिववते. पाच पायऱ्या उतरल्या म्हणजे सहावी तिथे आहेच असं नसतं. चंदगडच्या रात्री माझ्याही पडद्यावर अकरापर्यंत सगळं हिरवंच होतं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, आणि आम्हीही ती करतो. आधी दहा टक्के, म्हणजे ४ शाखा. एक दिवस-रात्र थांबायचं, मग बाकीच्या. पण आमच्या पातेल्यात एकाच जातीचा तांदूळ नाही. लक्ष्मीपुरीची शाखा फायबरवर, चंदगडची ४जीवर, इचलकरंजीत नवा बॉक्स, मुरगूडला सात वर्षांचा. पूर्वी आम्ही चाचणीला शहरातल्याच चार शाखा घ्यायचो, कारण बिघडलं तर स्कूटरवरून जाता येतं. सोयीचं, पण त्यातून कळत काहीच नाही. आता प्रत्येक जातीचं एक शीत काढतो. आणि सोमवारचा व्यवहार बघितल्याशिवाय भात शिजला म्हणत नाही, कारण रविवारच्या रिकाम्या लाइनवर कुठलंही सॉफ्टवेअर शहाण्यासारखं वागतं.

मुख्य कार्यालयात बॉक्सची जोडी आहे. एक अपग्रेड करायचा, सगळा भार दुसऱ्यावर गेलाय हे डोळ्यांनी बघायचं, पहिला उठून स्थिर झाला की मग दुसरा. यात सांगण्यासारखं फार नाही, फक्त दोघांना एकदम हात लावायचा नाही. शाखेत एकच बॉक्स असतो, तिथे पाच-दहा मिनिटं बंद पडणारच, ते आधी सांगून टाकावं.

आणि हिरवा ठिपका हा पुरावा नव्हे. आधी किती बोगदे उघडे होते, किती रस्ते कळलेले होते, हे आकडे लिहून ठेवायचे आणि नंतर ताडून बघायचे. ८ चे ७ झाले तरी ठिपका हिरवाच राहतो; पण त्या शाखेची एक तार मेलेली असते आणि ते पुढच्या जेसीबीच्या दिवशी कळतं. त्याउपर शाखेतल्या कुणाला तरी एक खरा व्यवहार करायला लावायचा: शिल्लक बघा, एक नोंद टाका, पासबुक छापा. हो, पासबुकसुद्धा. प्रिंटरचा आमच्याशी संबंध नसतो हे खरं, पण बोगद्यातून माहितीचं मोठं पाकीट नीट जातंय का हे कधी कधी प्रिंटरच आधी सांगतो: लॉगिनसारखी छोटी कामं होतात, आणि लांबलचक पानाची छपाई मध्येच थांबते.

राहिला मुहूर्त. मार्चअखेर वर्ज्य, दिवाळीचा आठवडा वर्ज्य, कारखान्यांची ऊसबिलं खात्यावर पडतात ते दिवस वर्ज्य. आणि आपल्याकडे आणखी एक कॅलेंडर आहे, राजाराम बंधाऱ्यावरचं. पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये हायवेच बंद झाला होता, तेव्हा आत कोल्हापुरात भाजी आणि पेट्रोल येत नव्हतं, तिथे कन्सोल केबल घेऊन कोण कुठे जाणार? त्या दिवसांत शाखेतला बॉक्स चालतोय एवढंच देवाचे आभार. म्हणून जून संपायच्या आत मोठी कामं उरकायची, किंवा मग थेट सप्टेंबर. मधल्या काळात सुरक्षेची एखादी गंभीर भानगड निघाली तर मध्यवर्ती सर्व्हर अपग्रेड करतो, कारण ते हाताशी आहेत, आणि शाखांपैकी ज्यांच्यापर्यंत रस्ता कोरडा आहे त्या घेतो.

यंदा चाळीसपैकी एकोणचाळीस शाखा नव्या व्हर्जनवर आहेत. गगनबावडा राहिलाय. फाइल पोचलीय, बसलीय, फक्त बटण दाबायचं बाकी आहे. मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी आहे, शाखाधिकाऱ्यांनी सकाळी फोटो पाठवला. पुढच्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी बघू.